बायबल अभ्यासाने होते काय? पंडिता रमाबाईंच्या वाचनाच्या निमित्ताने

काही जण कल्याणहून कसारा लोकल पकडून आलेत, काही वासिंद-आसनगावकडून उलट दिशेने आलेत, आणि काही घरी बसून फोनवर ऐकताहेत. खडवलीला लोक एरवी भातसा नदीवर सहलीला येतात. आज आपण एका पुस्तकापायी जमलोय, बरं वाटलं.

आम्हाला विषय दिलाय तो असा: ख्रिस्ती जीवनात बायबल अभ्यासाचे फायदे. विषय ठरवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण ‘फायदे’ हा शब्द आला की आम्ही जरा अडखळतो. आवळ्याचे फायदे, सकाळी चालण्याचे फायदे, तसे बायबलचे फायदे. मन शांत होते, संकटात धीर मिळतो, मुले वळणावर राहतात. यात खोटे काही नाही. पण ग्रंथाचे नाव बदलले तर हीच यादी कुठल्याही धर्माच्या माणसाला देता येईल. शिवाय यातले बरेचसे नुसत्या वाचनाने किंवा प्रार्थनेनेही मिळते. मग अभ्यास कशाला? तेव्हा आज आम्ही यादी देणार नाही. एका वाचकाचे बायबल वाचन घेऊ, ते तपासू, त्यात कुठे चुकले असे वाटले तर तेही बोलू. ही वाचक म्हणजे पंडिता रमाबाई. मराठी ख्रिस्ती माणसांत बायबलशी इतकी वर्षे, इतक्या भाषांतून झगडलेले दुसरे नाव आम्हाला चटकन आठवत नाही.

त्याआधी आपल्या घरातल्या भिंतीकडे एकदा बघू. कॅलेंडरवर, दुकानाच्या काचेवर, मोबाइलच्या स्टेटसवर वचने असतात. त्यातले एक फार आवडते वचन ईयोबाच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायातले आहे: आरंभ लहान असला तरी शेवट फार मोठा होईल, अशा अर्थाचे. नवा धंदा सुरू करणाऱ्याला हे हमखास भेट म्हणून मिळते. आता हे बोलतो कोण? बिल्दद. ईयोबाचा मित्र. ईयोबाची मुले नुकतीच गेली आहेत, आणि हा मित्र त्याला सांगतोय की तुझ्या मुलांनी पाप केले असेल म्हणून त्यांचे असे झाले, तू मात्र सरळ वाग म्हणजे तुझी भरभराट होईल. आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव या मित्रांवर रागावतो, तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत म्हणून. म्हणजे देवाने ज्या बोलण्याला चूक ठरवले, ते आपण देवाचे अभिवचन म्हणून फ्रेम करून लावतो. चौतीस अध्याय पुढे जाण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायाचे तसेच. तुमच्या हिताच्या योजना मला ठाऊक आहेत, असे देव म्हणतो ते वचन. दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशी ते फार फिरते. पण हे पत्र आहे, बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेले. आणि लगेच आधीच्या वचनात मुदत दिली आहे: सत्तर वर्षे. ज्यांनी ते पत्र ऐकले त्यातले बहुतेक परक्या मुलखातच मरणार होते. त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा दोन वर्षांत सगळे ठीक होईल असे सांगतोय, आणि यिर्मया त्याला खोटा ठरवतो. गंमत बघा, आपण यिर्मयाचे वचन घेतो आणि त्यात हनन्याची मुदत घालतो. यिर्मया मात्र लोकांना सांगत होता की तिथेच घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेले त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. गाव सोडून डोंबिवली, कल्याण, टिटवाळ्याला खोली घेतलेल्या माणसाला हे पत्र पूर्ण वाचले तर किती जवळचे वाटेल!

तर हे झाले सुटे वचन उचलण्याचे. आता रमाबाई.

१८७८ साली भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या कलकत्त्याला पोहोचल्या. वय वीस. आईवडील दुष्काळात गेलेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष घेतलेला, आणि त्या आईने मुलीला शिकवलेले. भागवत मुखोद्गत. कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिथेच एका ख्रिस्ती मेळाव्याचे बोलावणे आले. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी त्याचे वर्णन केले आहे, आणि त्यातला मिस्कीलपणा आम्हाला फार आवडतो. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून पुटपुटत होते. समोर मूर्ती नाही, काही नाही. बहीणभावांना वाटले, हे लोक खुर्च्यांना नमस्कार करताहेत की काय! त्या मेळाव्यात त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. रमाबाईंनी ते उघडून वाचायचा प्रयत्न केला. काही कळेना. हे संस्कृत त्यांच्या ओळखीचे नव्हते, शिकवण तर त्याहून अनोळखी. वेळेचा अपव्यय, असा त्यांचा अभिप्राय पडला.

इथे थोडे थांबू. ज्या बाईने पुढे हाच ग्रंथ मूळ इब्री-ग्रीकवरून मराठीत आणला, तिचा पहिला अभिप्राय हा. आपल्या मंडळीत एखाद्या तरुणाने असे म्हटले तर आपण त्याच्यासाठी प्रार्थना ठेवू, किंवा त्याच्या आईला बोलावून घेऊ. रमाबाईंनी मात्र ते पुस्तक टाकून दिले नाही, जवळ ठेवले. न कळलेले पुस्तक जवळ ठेवणे हा अभ्यासाचा पहिला भाग असावा, असे आम्हाला वाटते. भक्तिभाव नंतर आला.

पुढे बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न, सिल्चरला संसार. तिथे घरच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. ती तिथे कशी आली हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ॲलन नावाचे बॅप्टिस्ट मिशनरी येऊन उत्पत्तीचा पहिला अध्याय समजावून देत. नवऱ्याला बायबल ठाऊक होते, मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस. पण बायको बाप्तिस्मा घ्यायचे म्हणते हे त्याला रुचले नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत तो गेला. पदरात तान्ही मनोरमा. मग पुणे, आर्य महिला समाज, तिथे मिस हरफर्ड यांच्याकडे इंग्रजी आणि मराठी नवा करार. म्हणजे बघा, संस्कृत, बंगाली, मराठी, आणि पुढे इंग्रजी. चार भाषांतून एकच पुस्तक त्यांच्यापुढे येत राहिले. भाषा बदलली की तेच वाक्य वेगळे दिसते, हा अनुभव त्यांना अनुवादाचा विचारही मनात नसताना येत होता.

१८८३ साली त्या इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टर्सकडे गेल्या. या सिस्टर्सचे लंडनमध्ये फुलम इथे एक घर होते. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी. रमाबाईंनी तिथे पाहिले की पूर्वी त्या घरात आश्रयाला आलेल्या काही बाया आता स्वतः आजाऱ्यांची सेवा करताहेत. त्या चक्रावल्या. त्यांच्या माहितीतले धर्मशास्त्र अशा बाईला भयंकर शिक्षा सांगत होते. त्यांनी सिस्टरला विचारले, तुमचे लोक हे कशामुळे करतात? सिस्टरने योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. येशू आणि शोमरोनी स्त्री. रमाबाई लिहितात की तिथे त्यांना पटले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याच जातीतले, आधी ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोरे यांच्या युक्तिवादाचाही त्यात वाटा होता.

या प्रसंगाचा नेहमी गौरव होतो आणि तो व्हायलाच हवा. बायबल अभ्यासाने जीवन बदलते म्हणतात, ते इथे डोळ्यांना दिसते. ती गोष्ट ऐकून रमाबाईंनी पुढे काय केले? शारदा सदन, मग केडगावचे मुक्ती, आणि तिथे फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. फुलमच्या त्या दुपारची मुळे तिथपर्यंत पोहोचली आहेत.

पण आता आम्ही जे बोलणार आहोत ते काहींना रुचणार नाही. योहानाचा चौथा अध्याय उघडा. ज्यांच्या मोबाइलमध्ये आहे त्यांनी मोबाइलमध्ये उघडा. त्यात ती बाई पतित आहे असे कुठे लिहिले आहे?

लिहिलेले नाही. तिला पाच नवरे झाले आणि आता ज्याच्याकडे ती आहे तो नवरा नाही, एवढे लिहिले आहे. त्या काळी त्या समाजात घटस्फोट देणे जवळजवळ पुरुषाच्याच हाती होते. पाच नवरे झाले म्हणजे पाच वेळा टाकलेली, किंवा काही मेले, काहींनी टाकली. सदूकी लोक येशूला कोडे घालतात ना, सात भावांची एकामागून एक बायको झालेल्या विधवेचे? तिला आपण पतित म्हणत नाही. येशू या शोमरोनी बाईला तुझ्या पापांची क्षमा झाली असे म्हणत नाही. पुन्हा पाप करू नको असेही म्हणत नाही. ते योहानातच, पण दुसऱ्या अध्यायात, दुसऱ्या बाईला. इथे तो तिच्याशी चक्क धर्मशास्त्रावर बोलतो. उपासना कुठे करायची, या डोंगरावर की यरुशलेमात, हा वाद ती काढते आणि तो तिला पूर्ण उत्तर देतो. शिष्य येऊन आश्चर्य करतात ते तिच्या चारित्र्याचे नाही, तो एका बाईशी बोलतोय याचे.

मग ती पतित ठरली कशी? ती गोष्ट फुलमच्या घरात सांगितली गेली. तिथे ज्या स्त्रिया होत्या त्यांच्यासाठी सिस्टरने ती तशी लावली, आणि शतकानुशतके कितीतरी उपदेशकांनी तशीच लावली आहे. रमाबाई स्वतः विधवा, परित्यक्ता आणि बालविधवांसाठी लढणारी बाई. टाकलेल्या बाईवर समाज कलंक कसा चिकटवतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी ही गोष्ट त्यांनी सिस्टरच्या डोळ्यांनी घेतली. त्यांच्या वाचनातली ही उणीव आहे असे आम्ही नम्रपणे पण स्पष्ट म्हणतो. त्यातून चांगले काम उभे राहिले, म्हणून वाचन बरोबर होते असे होत नाही.

याच अध्यायावर मागे आम्ही काही जणांनी मिळून अभ्यास केला होता. शहापूरकडच्या एक बाई होत्या, फारशा न बोलणाऱ्या. टीकाग्रंथात असते तसे आम्ही सांगत होतो की ती दुपारी विहिरीवर आली, कारण बदनाम असल्यामुळे सकाळी इतर बायकांबरोबर तिला येता येत नव्हते. त्या बाई मध्येच म्हणाल्या, “दुपारी तर आम्ही पण जातो. सकाळी नंबर नाही लागला की जावंच लागतं.” आम्ही गप्प झालो. आपल्याला ठाऊक आहे, भातसा, तानसा, मोडक सागर, मुंबईची तहान भागवणारे हे सगळे पाणी शहापूरच्याच बाजूचे, आणि तिथल्याच गावपाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. त्या बाईंना दुपार आणि घागर यात चारित्र्य दिसेना. आणि खरेच, योहानाने फक्त वेळ सांगितली आहे, कारण सांगितलेले नाही. कारण आपण घातले.

त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बाई येशूला काय म्हणते? तुमच्याकडे पाणी काढायला काही नाही आणि विहीर खोल आहे, अशा अर्थाचे. “हिशोबी आहे,” त्या म्हणाल्या. “पोहरा नाही, दोर नाही, आणि पाणी देतो म्हणतोय.” आम्ही हा अध्याय कितीदा शिकवला असेल, पण पोहऱ्याचा विचार कधी केला नव्हता. नंतर ती बाई घागर तिथेच टाकून गावात पळत गेली हे वाचताना त्या थांबल्या. घागर टाकून जाणे म्हणजे काय, ते आम्हाला त्यांच्याकडून कळले.

याच गोष्टीत नववे वचन आहे, यहूदी आणि शोमरोनी यांच्याविषयी. तिथल्या ग्रीक शब्दाचा एक अर्थ ‘एकत्र वापरणे’ असा लागतो, आणि काही अभ्यासक तो भांड्याविषयी घेतात: यहूदी शोमरोन्यांचे भांडे वापरत नसत. आपल्याकडे इथे संबंध, व्यवहार असे सर्वसाधारण शब्द येतात. ‘भांडे’ म्हटले असते तर? मराठी वाचकाला एका क्षणात कळले असते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन गेले, ते कशासाठी हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याला टीकाग्रंथाची गरज नाही. तहानलेला यहूदी पुरुष त्या बाईकडे तिच्याच भांड्यातले पाणी मागतो, तिथून गोष्ट सुरू होते.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, बाई पतित होती की टाकलेली होती, याने आमच्या ख्रिस्ती जीवनात काय फरक पडतो? पडतो. एका मंडळीत, नाव घेत नाही, नवऱ्याने सोडलेल्या एका बहिणीला महिला संघात प्रार्थना चालवू दिली गेली नाही. कारण विचारले तर उपदेश झाला याच अध्यायावरून. येशूने शोमरोनी बाईला क्षमा केली, आपणही हिला प्रेमाने वागवू, पण पुढे बसवायला नको. सगळे सौजन्याने झाले. तिला क्षमा केली गेली, जे तिने केलेच नव्हते त्याबद्दल. आम्ही तिथे हजर होतो आणि उठून बोललो नाही, हेही सांगितले पाहिजे, कारण त्या वेळी आम्हीही तो अध्याय तसाच वाचत होतो. आणि अध्यायात पुढे काय होते? त्या बाईच्या साक्षीवरून गावातल्या पुष्कळांनी विश्वास ठेवला. तिला पुढे बसवणे सोडा, सारे गाव तिच्या मागे निघाले.

रमाबाईंवर टीका केली म्हणून कोणाला वाईट वाटले असेल, तर त्यांनीच आम्हाला ही मुभा दिली आहे असे समजा. बाप्तिस्म्यानंतर दोनच वर्षांत त्यांचा सिस्टर जेराल्डिन यांच्याशी जो पत्रव्यवहार झाला तो वाचण्यासारखा आहे. ज्यांनी आसरा दिला, मुलीला सांभाळले, त्या लोकांना ही सत्तावीस वर्षांची परदेशी विधवा विचारते की त्रैक्याचे अमुक सूत्र बायबलमध्ये कुठे आहे ते दाखवा. बिशप म्हणतात म्हणून मी मानणार नाही. भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, ते दुसरे घालून घेण्यासाठी नाही, असा त्यांचा सूर आहे. मनोरमेला काय शिकवायचे यावरून वाद, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यावर बिशपांनी हरकत घेतली त्यावरून वाद. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, हाही वाद. सिस्टरना यात गर्व दिसला. चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांनी मात्र त्यांचे प्रश्न सोसले, उत्तरे दिली. आम्हाला वाटते, बील बाईंसारखी माणसे प्रत्येक मंडळीत निदान एक तरी असावीत. उपदेशक पुष्कळ आहेत.

या झगड्याचा शेवट बंडखोरीत झाला नाही. आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ख्रिस्त स्वीकारायचा राहिला. साक्षीत त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. यावर काही जण लगेच म्हणतात, बघा, वाद घालण्यात आठ वर्षे वाया गेली! आम्हाला तसे वाटत नाही. ज्याने प्रश्न विचारलेलेच नसतात त्याला काय राहिले आहे हे कळायलाही मार्ग नसतो.

मग केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या. स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेल्या बाईने. आणि या मुलींना वाचायला शिकवताना त्यांना दिसले की हातातले मराठी बायबल या मुलींना कळत नाही. इथून त्यांच्या शेवटच्या मोठ्या कामाला सुरुवात होते. इब्री आणि ग्रीक शिकणे, आणि पूर्ण बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद. मराठीत बायबल नव्हते असे नाही. श्रीरामपूरला विल्यम केरी आणि त्यांचे पंडित वैद्यनाथ यांनी १८०५ साली मत्तय छापला होता. मुंबईत अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ साली आला. त्याच्याही दोनशे वर्षे आधी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सनी गोव्यात ख्रिस्तपुराण ओवीत सांगितले होते. पण केडगावच्या मुलीला कळेल असे, हा निकष लावून एका स्त्रीने पूर्ण बायबल मुळावरून आणायला घेतले, ते इथेच. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापले. काम पुरे झाले, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, आणि पूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला.

हा अनुवाद आपल्या चर्चमध्ये वाचला जातो का? नाही. बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’च राहिले. याची कारणे बाहेरची आहेतच, संस्था, वितरण, सवय. पण एक कारण अनुवादात आहे. हिंदू धर्मविचाराचा वास ज्या शब्दांना येतो ते शब्द रमाबाई टाळत गेल्या. क्रुसावर संस्कृत मागणारी बाई तीस वर्षांनी बायबलमधून संस्कृत धार्मिक शब्द वेचून काढते! विरोध वाटतो, पण दोन्हीकडे त्यांचा प्रश्न एकच आहे: समोरच्या माणसाला हे अक्षर आपले वाटेल का? वाँटेजला समोर त्या स्वतः होत्या, केडगावला दुष्काळातून आलेली मुलगी होती. इथवर आम्हाला पटते. पण जो शब्द पंडितांचा तो वगळताना, जो वारकऱ्यांचा तोही कधी कधी हातून सुटतो. दुष्काळातून आलेल्या मुलीच्याही ओठावर अभंग असतो, देवळाच्या पायरीवरचे शब्द असतात. ते सगळे तिला टाकून यायला लावले तर सोपी भाषासुद्धा परकी होते.

नारायण वामन टिळकांनी उलटे केले. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. टिळक वाचत, खुणा करत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. आणि मग ख्रिस्ताविषयी जे लिहिले ते तुकोबांच्या चालीत. आज मराठी उपासनेत टिळक गायले जातात, रमाबाईंचे बायबल कपाटात आहे. आम्हाला याचे दुःखच आहे, कारण गाणे म्हणताना माणूस सहसा प्रश्न विचारत नाही. टिळकांच्या शब्दांनी रमाबाईंचे प्रश्न विचारता आले असते, तर... असो. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या दोहोंचा थोडा मेळ दिसतो, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

शब्दांची गोष्ट निघालीच आहे तर एकच सांगतो. ‘नीतिमत्त्व’ हा शब्द आपल्या बायबलमध्ये ठिकठिकाणी आहे. मूळ ग्रीक शब्दात माणसाचे सरळ वागणेही आहे आणि न्यायही आहे. मराठी कानाला ‘नीतिमत्त्व’ म्हणजे दारू न पिणे, खोटे न बोलणे, घराबाहेर भानगड नसणे. त्यात मजुरी वेळेवर देणे ऐकू येत नाही, पाण्याच्या नंबरात कोणाला मागे ठेवले हे ऐकू येत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात जो शब्द भुकेला आणि तहानेला जोडून येतो, तो हाच. पुढच्या वेळी तो वाचताना जोडीला ‘न्याय’ असे मनात म्हणून बघा, आणि त्या आठवड्यात घरात कामाला येणाऱ्या बाईशी, रिक्षावाल्याशी, सोसायटीच्या वॉचमनशी आपला हिशोब कसा होतो ते बघा.

वेळ झालीय, कसारा गाडी चुकली तर तासभर फलाटावर बसावे लागेल हे आम्हाला ठाऊक आहे. पुढच्या वेळी ईयोब घेऊ. येताना बेचाळीसही अध्याय वाचून या, आणि वाचताना प्रत्येक भाषणापाशी समासात पेन्सिलीने बोलणाऱ्याचे नाव लिहा. बिल्ददचे बिल्ददला, ईयोबाचे ईयोबाला. शहापूरच्या त्या बाईंनाही आम्ही निरोप दिलाय. त्या म्हणाल्या, पाणी लवकर आलं तर येते.